डिपॉझिट, स्मॉल कॉजेस आणि माझी नेटवरची वकिली

रानजाई | १९ जुलै, रात्री ११:४२

लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

कोथरूडला २२ महिने भाड्याने राहिले. अकरा-अकरा महिन्यांचे दोन लिव्ह अँड लायसन्स, दोन्ही रजिस्टर केलेले. भाडं २२,०००, डिपॉझिट ९०,०००. दुसरा करार ३१ मेला संपला, त्याच दिवशी टेम्पो करून सामान हलवलं. मालक नागपूरला असतात. त्यांनीच फोनवर सांगितलं म्हणून चाव्या खाली वॉचमनकडे दिल्या. "रंगकामाचं बघतो आणि आठवड्यात पैसे टाकतो" म्हणाले. १८ जूनला त्यांचा रंगारी आला, तेव्हा मला बोलावलं म्हणून मीही भिंती दाखवायला गेले. त्यानंतर फोन उचलणं बंद.

मग मी जे सगळे करतात तेच केलं. आठवडाभर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत नेटवर वाचत बसले. एका व्हिडिओत कळलं की छोट्या रकमांसाठी 'स्मॉल क्लेम्स कोर्ट' असतं. वकील लागत नाही, एकाच तारखेत निकाल. एका लेखात कळलं की दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही. म्हणजे माझ्या मालकाने मुळातच कायदा मोडला! तिसरीकडे नोटिशीचा तयार नमुना मिळाला. रिकाम्या जागा भरल्या, चॅटबॉटला म्हटलं जरा दणदणीत कर. त्याने 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा कलम २४ अन्वये' वगैरे घालून दिलं. वाचून मलाच माझी भीती वाटली. २८ जूनला स्पीड पोस्टाने पाठवली.

परवा मालकाच्या वकिलाचं उत्तर आलं. त्यात लिहिलंय की "आपल्याच नोटिशीनुसार आपण जागा १८ जून रोजी सोडली. करार ३१ मे रोजी संपला असल्याने कलम २४ नुसार १८ दिवसांचे दुप्पट दराने २६,४०० रुपये, रंगकामाचे २०,००० रुपये वजा जाता ४३,६०० रुपये देण्यास आमचे अशील तयार आहेत."

झालं असं की नमुन्यात 'जागा सोडल्याची तारीख' अशी रिकामी जागा होती. मी त्यात १८ जून टाकलं, कारण शेवटचं त्या घरात मी त्या दिवशी होते. एवढं साधं होतं माझ्या डोक्यात.

आज अर्धी रजा टाकून शिवाजीनगर कोर्टात गेले. म्हटलं पुण्यात स्मॉल कॉजेस कोर्ट आहे, तिथेच अर्ज भरून येऊ. खिडकीवरच्या बाईंनी माझी फाईल चाळली आणि म्हणाल्या, "मॅडम, फॉर्म नसतो इथे. दावा दाखल करावा लागतो. वकील कोण आहेत तुमचे?" वकीलच लागत नाही असं वाचलंय म्हटल्यावर त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी विसरणार नाही.

आता पुढे काय? आणि इतकं वाचूनही मला यातलं काहीच कसं कळलं नाही?

---

कोडकिडा | २० जुलै, सकाळी ७:१०

ताई, चॅटबॉटला प्रॉम्प्ट नीट द्यायला हवा होता. 'तू महाराष्ट्रातला अनुभवी वकील आहेस' असं आधी सांगायचं. मी माझा सोसायटीचा मेंटेनन्सचा वाद असाच मिटवला.

---

काळा_डगला | २० जुलै, सकाळी ९:५५

वकील आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करतो. इथे लिहितोय ते ढोबळ आहे. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, हे आधी लक्षात घ्या.

एकेक बघू. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम २४ हे मालकाचं हत्यार आहे. लायसन्सची मुदत संपली आणि लायसन्सीने जागा सोडली नाही, तर मालकाला ताबा मिळावा आणि तोवर दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळावी यासाठी ते आहे. तुमच्या नोटिशीत तुम्ही स्वतःच ते घातलंत आणि सोबत उशिराची तारीखही दिलीत. समोरच्या वकिलाला फार डोकं चालवावं लागलं नसेल. चहा पिता पिता उत्तर लिहिलं असेल त्याने.

दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आदर्श भाडेकरार कायद्यातली. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ ला मंजूर केला, पण तो नमुनाच आहे. राज्याने स्वतःचा कायदा करून स्वीकारल्याशिवाय तो कोणालाही लागू होत नाही. आपल्याकडे १९९९ चाच कायदा आहे आणि त्याच्या कलम ५६ मध्ये मालकाला डिपॉझिट घ्यायची मुभा आहे, महिन्यांची मर्यादा नाही. तुम्ही वाचलेला लेख खोटा नसेलही. पण 'भारतात' म्हणून लिहिलेला लेख पुण्यात चालतोच असं नाही.

आता स्मॉल कॉजेस. मराठीत लघुवाद न्यायालय. नावावरून सगळ्यांचीच फसगत होते. मुंबईतलं १८८२ च्या कायद्याखाली चालतं, पुण्यातलं १८८७ च्या. ही इंग्रजांच्या काळची कोर्टं. आज तिथे मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचे दावे चालतात. मुंबईच्या लघुवाद न्यायालयाची साध्या पैशाच्या दाव्यासाठीची मर्यादा १०,००० रुपये आहे, तुमच्या डिपॉझिटच्या नवव्या हिश्श्याइतकी. ताबा आणि लायसन्स फी यांचे दावे मात्र रकमेची मर्यादा न पाहता तिथेच जातात. डिपॉझिट परत मागण्याचा दावा त्यात बसवायचा की साध्या दिवाणी न्यायालयात लावायचा, यावर वकील कचाकचा भांडतात आणि प्रतिवादीचा पहिला आक्षेप बहुतेक वेळा हाच असतो. चुकीच्या कोर्टात लावला तर दावा बुडत नाही. वादपत्र परत मिळतं, योग्य कोर्टात नेता येतं आणि प्रामाणिकपणे वाया गेलेला काळ मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ खाली वगळला जातो. पण वर्ष-दीड वर्ष गेलेलं असतं.

आता मुख्य प्रश्न, जो तुम्ही वाचलेल्या कुठल्याही लेखाने तुम्हाला विचारला नसणार: ३१ मेला ताबा दिल्याचा कागद काय आहे तुमच्याकडे?

---

शनिवारपेठकर | २० जुलै, सकाळी १०:३०

आले वकीलसाहेब. नेट वाईट, आम्ही चांगले. आमची फी पाच हजार, भेटीची वेळ संध्याकाळी सहानंतर.

मी स्वतः नेटवर वाचूनच एका कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात गेलो आणि जिंकलो. वॉशिंग मशीन, ३१ हजारांचं. वकील केला नाही. ५ लाखांपर्यंत फी शून्य. आता मी राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठे आहे ते शोधत फिरावं लागत नाही. हे सगळं मला नेटनेच सांगितलं. रानजाई, तुम्हीही ग्राहक आयोगात जा.

---

काळा_डगला | २० जुलै, सकाळी १०:५२

शपे, तुमची केस वाचल्याचं आठवतंय, चांगली लढवलीत. पण ग्राहक कायदा मुळात वकिलाशिवाय लढता यावा म्हणूनच केलाय, त्यामुळे तिथे वाचून काम भागतं. खासगी घरमालकाने घर भाड्याने देणं याला आयोग सहसा 'सेवा' मानत नाही. रानजाईंनी तिथे तक्रार केली तर पहिला आक्षेप तोच येईल.

आणि एक विचारतो, राग मानू नका. तुमची तक्रार दोन वर्षांच्या आत होती ना?

---

शनिवारपेठकर | २० जुलै, सकाळी ११:२०

होती. अकरा दिवस राहिले होते. ज्या लेखावर मी विसंबलो होतो त्यात तीन वर्षं लिहिलं होतं. बायकोचा मामेभाऊ वकील आहे, तो लग्नात भेटला म्हणून वाचलो.

पण त्याने मुद्दा बदलत नाही.

---

बेएरियातला_बंड्या | २० जुलै, दुपारी १२:१५ (इथे मध्यरात्र उलटायला आलीये)

रानजाई, तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा आमच्याकडचा असणार. कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स खरंच तसं आहे. १२,५०० डॉलरपर्यंत दावा, फी ३० ते ७५ डॉलर, आणि वकील आणताच येत नाही, दोघांनाही. घरमालकाने २१ दिवसांत डिपॉझिट किंवा कपातीचा हिशेब द्यायचा असतो. खोडसाळपणे अडवलं तर कोर्ट डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत वर दंड लावू शकतं. हे सगळं कोर्टाच्याच वेबसाइटवर आहे, फॉर्मसकट, आणि अगदी सोप्या भाषेत. माझं मत: जगात यापेक्षा चांगली ऑनलाइन कायदेविषयक माहिती क्वचितच असेल.

आणि तरीही मी पहिल्या खेपेला तोंडावर आपटलो. घर एका कंपनीचं होतं. मी फॉर्मवर प्रतिवादी म्हणून रोज भेटणाऱ्या मॅनेजरचं नाव लिहिलं. जज म्हणाल्या, पैसे या माणसाने घेतलेत का? नाही. करार कोणाशी? मी करार उलगडला. त्यावर एका एलएलसीचं (एका प्रकारच्या कंपनीचं) नाव, जे मी दोन वर्षांत एकदाही मोठ्याने वाचलं नव्हतं. चार मिनिटांत बाहेर. वेबसाइटवर 'प्रतिवादीचं कायदेशीर नाव अचूक लिहा' असं ठळक लिहिलंय. मी ते वाचलंही होतं. मला वाटलं, लिहिलंय की अचूक, स्पेलिंग बरोबर आहे!

दुसऱ्यांदा बरोबर नावाने लावला, जिंकलो. मग कळलं की कोर्ट पैसे वसूल करून देत नाही. ते आपलं आपण. बँक खातं शोधा, शेरीफला फी भरा. १,४०० डॉलरसाठी मी पाच महिने फॉर्म भरत होतो. आणि हरलो असतो तर मला अपील नव्हतं, तिथे दावा लावणाऱ्याला अपील नसतंच.

काउंटीत फुकट सल्लागार असतो स्मॉल क्लेम्ससाठी. फोनवर मिळतो. तो मला पहिल्या खेपेला माहीत होता का? होता. केला का फोन? नाही. सगळं तर नेटवर होतं ना.

---

क्लाइडकाठी | २० जुलै, दुपारी ३:०५

ग्लासगोहून. आमच्याकडे तर आणखीच मजा. 'यूके डिपॉझिट क्लेम' शोधलं की सगळं इंग्लंडचं येतं: १०,००० पौंडांपर्यंत स्मॉल क्लेम्स, ऑनलाइन भरा वगैरे. स्कॉटलंडची कोर्टं वेगळी, कायदा वेगळा. इथे त्याला सिंपल प्रोसीजर म्हणतात आणि मर्यादा ५,००० पौंड. आणि घरमालकाने डिपॉझिट मान्यताप्राप्त योजनेत ठेवलंच नाही ही तक्रार तर त्या कोर्टातही जात नाही, ती ट्रायब्युनलकडे जाते. त्याची मुदत भाडेकरार संपल्यापासून फक्त तीन महिने. माझ्या मैत्रिणीने सहा वर्षांची मुदत आहे असं वाचून निवांत डिसेंबरपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. घर सोडलं होतं ऑगस्टात. बाकीचं लिहीत नाही.

---

चिंतू_कटिंग | २० जुलै, दुपारी ४:४०

अवांतर: "वाचून निवांत" ही जोडी मराठी माणसाने जपून वापरावी.

---

निवृत्त_नाझर | २० जुलै, रात्री ९:१५

मी कोर्टात ३३ वर्षं काढली, शेवटची नऊ नाझर (जप्ती-वसुलीचं काम बघणारा कोर्टातला कर्मचारी) म्हणून, सातारा जिल्ह्यात. बंड्या म्हणतो ते वसुलीचं आपल्याकडेही तसंच आहे, थोडं अधिकच.

लोकांना वाटतं हुकूमनामा झाला की पैसे आले. हुकूमनाम्यानंतर दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावावी लागते, त्याला बारा वर्षांची मुदत आहे. ती मुदत एवढी मोठी का ठेवलीय हे दरखास्तीच्या कपाटातली धूळ पाहिली की कळतं. दरखास्तीत तुम्हीच सांगायचं असतं की प्रतिवादीकडे काय आहे आणि काय जप्त करायचं. कोर्ट शोधत जात नाही.

एक प्रसंग सांगतो, नावं नकोत. एका मास्तरांचा उसनवारीचा दावा, १८ हजारांचा हुकूमनामा. मास्तरांनी स्वतः अर्ज लिहिला, अक्षर मोत्यासारखं. जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या वस्तूंच्या, जप्तीच्या यादीत लिहिलं: पितळी भांडी, पलंग, गाद्या, शिलाई मशीन, मंगळसूत्र. बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा कोर्टाचा माणूस, गेला आणि हात हलवत परत आला. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कपडे जप्त होत नाहीत. कारागिराची अवजारं होत नाहीत आणि त्या घरात बाई शिवणकाम करून घर चालवत होती. धर्मरूढीप्रमाणे बाईने अंगावेगळा न करायचा दागिना तर मुळीच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये हे सगळं आहे. अंगणात मोटरसायकल उभी होती, प्रतिवादीच्या नावावरची. ती यादीत नव्हती. बेलिफ यादीबाहेरच्या वस्तूला हात लावत नाही. दुसरी दरखास्त लागेपर्यंत मोटरसायकल मेव्हण्याच्या नावावर गेली.

मास्तर मला म्हणाले, "नाझर, तुम्ही आधी सांगायचं होतं." आम्ही सांगू शकत नाही हो. कोर्टातल्या कारकुनाने एका पक्षाला सल्ला द्यायचा नसतो. खिडकीवरच्या बाईंनी तुम्हाला 'वकील कोण' विचारलं, रानजाई, तेवढंच त्यांच्या हातात होतं. ती नजर माझीही असायची. ती तुच्छतेची नसते. पुढचं दिसत असतं आणि बोलायची सोय नसते, अशी असते ती.

---

कोडकिडा | २० जुलै, रात्री १०:०२

बाप रे. काका, मस्त लिहिलंत. पण मग चॅटबॉटला नाझरकाका व्हायला सांगितलं तर?

---

काळा_डगला | २० जुलै, रात्री १०:३०

सांगून बघा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात 'माता विरुद्ध एव्हियांका' खटल्यात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे खरे म्हणून सादर केले. ते खटले कधी घडलेच नव्हते. ५,००० डॉलरचा दंड झाला. ते तर सनदी वकील होते. तुमच्या वाक्यात 'अनुभवी' शब्द घातल्याने यंत्राला अनुभव येत नाही.

वेबवर चांगलं काही नाही असं मी म्हणत नाही. मूळ कायदा वाचायचा तर सरकारचं इंडिया कोड आहे. तारीख, टप्पा बघायला ईकोर्ट्स उत्तम, मी स्वतः दिवसातून दहा वेळा उघडतो. त्रास होतो तो मधल्या थराचा: लेख, व्हिडिओ, नमुने. त्यावर तारीख नसते आणि राज्य नसतं. आजच एक पक्षकार व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि '६५ ब'चं (जुन्या कायद्यातलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं) प्रमाणपत्र घेऊन आले, नेटवरचा नमुना. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, आता ते कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचा नमुना बदलला, दोन भाग झाले, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते, फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) लिहावी लागते. प्रमाणपत्र हवंच हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं, तेही आपल्या जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. तसंच 'आरपीएडीनेच (पोचपावतीच्या रजिस्टर्ड पोस्टानेच) नोटीस पाठवा' हा सल्ला अजून सगळीकडे फिरतोय. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ च्या सप्टेंबरपासून स्पीड पोस्टात विलीन झालं.

रानजाई, ताब्याच्या कागदाचं अजून सांगितलं नाहीत.

---

रानजाई | २० जुलै, रात्री ११:१८

कागद नाही. वॉचमनकाकांच्या हातात चाव्या दिल्या आणि मालकांना मेसेज केला, "चाव्या दिल्या." त्यांनी अंगठा टाकला. तो अंगठा तेवढा आहे. :(

आणि मला आज कळतंय की तो मेसेज ३१ मेचा आहे आणि नोटिशीत मी १८ जून लिहिलंय. म्हणजे माझाच पुरावा माझ्याच विरुद्ध.

---

निवृत्त_नाझर | २० जुलै, रात्री ११:४०

वॉचमनकडे रजिस्टर असतं ना हो? टेम्पो बाहेर जाताना नोंद करतात. सोसायटी कुठलीही असो, टेम्पोची नोंद होतेच, भाडेकरू बाकी ठेवून पळतोय का हे बघायला.

उद्या जा. परवा नको.

---

किल्लेदार | २१ जुलै, सकाळी ८:२५

चेक बाउन्स झाला तर काय करायचं हेही कोणी सांगा ना, मित्राला दोन लाख दिले होते.

---

काळा_डगला | २१ जुलै, सकाळी ९:०५

वेगळा धागा काढा. पण तोवर झोपू नका: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात तक्रार. चेक कधी परत आला ते आधी बघा, मग इथे टाइप करा.

---

रानजाई | २१ जुलै, संध्याकाळी ७:५०

गेले होते.

वॉचमनकाका बदललेत, पण रजिस्टर तेच. लांबट, निळ्या पुठ्ठ्याचं, कोपरे चहाने फुगलेले. मे महिन्याची पानं चिकटली होती, नवीन काकांनी नखाने सोडवून दिली. ३१ मे, दुपारी ४:१०. टेम्पोचा नंबर. पुढे 'बी-४०२ खाली, सामान सर्व'. आणि त्याच्या खालच्या ओळीत वेगळ्या पेनने: 'बी-४०२ चावी नग २ जमा'. त्यापुढे सही. ती सही मालकांच्या चुलतभावाची आहे, ते शेजारच्याच विंगमध्ये राहतात. तेच चाव्या घेऊन गेले होते ३ जूनला, ती तारीखही सहीखाली आहे!

मी फोटो काढला. मग काळा_डगला यांचं कालचं आठवलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले, म्हटलं या पानाची प्रत तुमच्या सही-शिक्क्याने मिळेल का. त्यांनी आधी कमिटीत विचारतो म्हटलं. मग त्यांच्या मिसेस आतून म्हणाल्या, "द्या हो तिला, आपल्या अनूचंही डिपॉझिट बंगलोरला असंच अडकलंय." मिळाली.

---

काळा_डगला | २१ जुलै, रात्री ८:२०

उत्तम. आता दुसरी नोटीस द्यायची, पहिल्या नोटिशीतली तारीख नजरचुकीने पडली आणि प्रत्यक्ष ताबा ३१ मेलाच दिला, हे स्पष्ट लिहून, सोबत ही प्रत जोडून. पहिली नोटीस पुसली जाणार नाही, समोरचे ती दाखवणारच. पण तिला उत्तर तयार झालं. ही नोटीस नमुन्यावरून लिहू नका.

पैसे नसतील तर: शिवाजीनगरलाच कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तुमचा पगार कितीही असो. पैशाचा दावा तीन वर्षांत लावायचा असतो, तेव्हा घाई नाही, पण नुसत्या नोटिशा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही हेही ध्यानात ठेवा. दाव्याआधी लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच, आणि त्यावर अपील नाही.

---

शनिवारपेठकर | २१ जुलै, रात्री ८:४५

महिलांना महाराष्ट्रात कोर्ट फीसुद्धा माफ आहे.

---

काळा_डगला | २१ जुलै, रात्री ८:५३

शपे, नेटवर तसं अर्धंच फिरतं. माफी पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांपुरती आहे. डिपॉझिट हा 'मालमत्तेचा वाद' आहे असं म्हणून बघता येईल, पण फी भरायची तयारी ठेवून जावं.

---

शनिवारपेठकर | २१ जुलै, रात्री ९:०१

बरं.

---

बेएरियातला_बंड्या | २२ जुलै, सकाळी ९:३०

शपेंनी 'बरं' लिहिलं. धागा जतन करा रे कोणीतरी.

---

रानजाई | ११ ऑक्टोबर, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. बऱ्याच जणांनी विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) विचारलं.

विधी सेवाकडून एक वकील मॅडम मिळाल्या, माझ्याहून लहान असतील. पहिल्या भेटीत त्यांनी माझी नेटवरून छापलेली जाडजूड फाईल बाजूला ठेवली आणि करार मागितला. पान चारवर बोट ठेवलं: 'रंगकामापोटी रुपये १२,००० डिपॉझिटमधून वळते करण्यात येतील.' मी सही केलेला करार. २२ महिने माझ्याच कपाटात होता. मी आदर्श भाडेकरार कायदा वाचला, कॅलिफोर्निया वाचला, हा नाही वाचला. त्यावर म्हणाल्या, "वाचला नाहीत तेही बरंच झालं, नाहीतर नोटिशीत काय लिहिलं असतंत कोणास ठाऊक." पण त्याच कलमामुळे मालकांचे २०,००० सुद्धा १२,००० वर येतात हेही त्यांनीच दाखवलं.

दुसरी नोटीस त्यांनी दिली, दीड पानी, एकही धमकी नाही. मग दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत. मालक स्वतः नागपूरहून आले. पॅनेलसमोर त्यांचे वकील माझी पहिली नोटीस पिवळ्या रेघा मारून घेऊन आले होते. १८ जूनवर सुरुवात केली. मॅडमनी काही न बोलता रजिस्टरच्या पानाची प्रत टेबलावर सरकवली. मालकांनी ती उचलली, चष्मा वर केला, सही पाहिली आणि वकिलांना म्हणाले, "हा तर आमचा दिलीप."

७८,००० वर मिटलं. परवा खात्यात आले.

निघताना मालक म्हणाले, "तिसरी चावी कुठे आहे? गच्चीच्या दाराची." ती माझ्याकडेच होती, जुन्या पर्समध्ये. काल कुरिअर केली. पावती जपून ठेवलीये.